अंबडच्या टेकडीवर हिमालयाची तयारी

हिमालयावर लिहा, असं संपादकांचं पत्र आलं. मी त्यांना कळवलं की माझा हिमालयाशी संबंध बेताचाच आहे. मी तिकडे दोनदा गेलो. एकदा शिकायला आणि एकदा तोंडघशी पडायला. बाकीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांना हिमालयासाठी तयार करण्यात घालवली, आणि तीही अशा मुलखात बसून, जिथे सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे जिनिंग फॅक्टरीचं धुराडं. संपादक म्हणाले, मग तेच लिहा. तेव्हा आता वाचकांनी दोष द्यायचा तर त्यांना द्यावा.

मी जालन्याच्या एका शाळेत व्यायामशिक्षक होतो. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्याशा सरकारी योजनेत एका शिक्षकाला महिनाभर हिमालयात डोंगर चढण्याच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. माझी निवड झाली, कारण पत्र फोडलं तेव्हा हेडमास्तरांच्या टेबलासमोर मी एकटा उभा होतो. महिन्याने परत आलो तेव्हा फौजेतले लोक सोडले तर गावात डोंगरावरचा बर्फ पाहिलेला मी एकटाच. लोक मला 'बर्फावाले सर' म्हणू लागले. गावातल्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकांना याचं थोडं वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवत नसत.

त्यानंतर दिल्लीच्या एका संस्थेने मला धरलं. ही संस्था दर उन्हाळ्यात कुलूच्या बाजूला नऊ दिवसांची पायी मोहीम काढायची. वाटाड्या त्यांचा, तंबू त्यांचे, स्वयंपाकी त्यांचा. पाय तेवढे आपले. वाटेत मुक्काम करत करत वर चढायचं, सातव्या दिवशी बर्फातली एक खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या गावात उतरायचं. खर्च शिक्षकाला परवडेल असा, म्हणून अर्ज पुष्कळ यायचे. आमच्या भागातून बारा जण घ्यायचे. ते निवडणं आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दर रविवारी त्यांना तयार करणं हे माझं काम. अर्जाच्या तळाला एक रेघ होती, 'प्रशिक्षकाचा शेरा'. तिथे मी 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहायचं आणि सही करायची. त्यावर अपील नव्हतं. शाळेत मला साधी शिट्टी विकत घ्यायची तर तीन सह्या लागत, आणि इथे माणसाचा हिमालय माझ्या एका शब्दावर. माणसाला अधिकार चढतो तो असा चढतो.

तयारी म्हणजे काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट चढ. आमच्याकडे चढ नाही. जो आहे तो अंबडला, देवीच्या टेकडीवर. देवी जागृत आहे. टेकडी मात्र बेताची आहे. म्हणून ती वीस वेळा चढायची आणि वीस वेळा उतरायची, पाठीवर दहा किलो ज्वारी घेऊन. हिमालयात आपलं सामान आपण वाहायचं असतं. सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही अंबड गाठायचो. पहिल्या वर्षी तिसऱ्या फेरीला पुजाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, येवढा मोठा नवस कशाचा?" मी म्हटलं, हिमालयात जायचंय. ते म्हणाले, "मंग बराबर हे." पुढच्या रविवारी दोन बायका आमच्यामागे नारळ घेऊन फेऱ्या घालू लागल्या. वीस फेऱ्यांना देवी पावते, असं गावात झालं होतं. त्यांतल्या एकीने अकरा पूर्ण केल्या. ओझ्याशिवाय, पण अनवाणी.

दुसरी गोष्ट ओझं. इथे फसवाफसवी चालते. जिनिंगमधले एक कारकून होते, देशमुख. त्यांची पिशवी सगळ्यांत फुगलेली आणि चाल सगळ्यांत हलकी. चार रविवार मी त्यांचं उदाहरण बाकीच्यांना दिलं. पाचव्या रविवारी पिशवीची शिवण उसवली आणि पायऱ्यांवर कापूस पसरला. देशमुख शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही पिशवी भरून आणा म्हणलं व्हतं. कशानं, ते बोलले न्हाई." तेव्हापासून मी तागडी घेऊन जाऊ लागलो.

तिसरी गोष्ट थंडी. एप्रिलमध्ये जालन्यात थंडीची सवय लावायची तर जागा एकच, ती म्हणजे बर्फाचा कारखाना. मालकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. लाद्या रचून ठेवायच्या खोलीत बारा जणांना अर्धा तास बसवायचं. बाहेर बेचाळीस डिग्री. आत सगळे घोंगड्या पांघरून, एकमेकांना खेटून. बाहेर आल्यावर निम्म्यांना सर्दी व्हायची. उपयोग काही झाला का, सांगता येत नाही. पण गावातले लोक दाराशी जमायचे, त्यामुळे मोहिमेला वजन आलं.

चौथी गोष्ट पोट. "तिकडं भाकरी मिळंल का, सर?" हा प्रश्न प्रत्येक वर्षी, प्रत्येक जण, प्रत्येक रविवारी विचारायचा. नाही मिळणार, राजमा आणि भात मिळेल, असं मी सांगायचो. राजमा म्हणजे काय हे सांगता सांगता माझा एक रविवार जायचा. शेवटी प्रत्येकाच्या पिशवीत घरून दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरलेली असायचीच. सकाळी उघड्यावर जाण्याबद्दल मात्र मला कधी काही शिकवावं लागलं नाही. या एका विषयात खेड्यांतली माणसं शहरातल्यांच्या कायम पुढे असत.

पाचवी गोष्ट बूट, आणि इथे मी सपशेल हरलो. नवा बूट डोंगरावर चावतो. म्हणून तो दोन महिने आधी घ्यायचा आणि रोज घालून मऊ करायचा. हे मी पहिल्या रविवारी सांगायचो, फळ्यावर लिहायचो, वहीत उतरवून घ्यायचो. सगळे बूट घ्यायचे. आणि घेतला की कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. आपल्याकडे नवी वस्तू कामाच्या दिवसापर्यंत जपायची असते, ती आधीच वापरून जुनी करणं हा करंटेपणा. मुलींच्या शाळेतल्या शकुंतलाबाईंच्या सासूबाईंनी तर बुटांना हळदकुंकू वाहून ते कोनाड्यात ठेवले होते. "जायच्या दिशी काढू," म्हणाल्या. स्टेशनवर निघायच्या दिवशी सगळे नवे जोड करकर वाजत होते. दर वर्षी कुलूहून पत्र यायचं, त्यात खिंडीबद्दल दोन ओळी आणि फोडांबद्दल एक पान.

माझं ऐकून रोज बूट घालणारा एकच माणूस मला भेटला. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. वरचं सगळं लिहिलं ते तिथवर यायला जरा धीर हवा होता म्हणून.

किसनराव साळवे, भोकरदनकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. उंच, सडपातळ, हात गुडघ्यांपर्यंत पोचतील इतके लांब. पहिल्या रविवारी मी सगळ्यांना विचारायचो, हिमालयात कशाला जायचं? उत्तरं ठरलेली. कोणाला देवदर्शन, कोणाला हवापालट. कापसाच्या देशमुखांनी त्यांच्या वर्षी "घरात कंटाळा आला," असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. साळवे गुरुजी म्हणाले, "सर, पंचवीस वर्षं झाली, चौथीला हिमालय शिकवून राह्यलो. दर साली एखादं पोरगं विचारतंच, गुरुजी, तुम्ही पाह्यला का. मी न्हाई म्हणतो. मंग ते पोरगं माझ्याकडं असं पाहतं, की बाकीचं तरी याला खरं माहीत हे का. मला लाज वाटते."

त्यांना ते वर्ष फार महत्त्वाचं होतं, कारण संस्थेचा नियम होता की वयाची पंचेचाळीस पूर्ण झालेल्याला प्रवेश नाही. दाखल्याप्रमाणे गुरुजींना एक जूनला पंचेचाळीस पूर्ण होत होती. मोहीम मेच्या मध्यात. ती पंधरा दिवस पुढे गेली असती तरी दार बंद. हे त्यांनी अर्जासोबत स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

एक जूनबद्दल बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्या भागात त्या काळच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोरगं कधी जन्मलं हे घरात कोणी लिहून ठेवलेलं नसायचं. बाप त्याला शाळेत आणून सोडायचा. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख एक जून. तीच तारीख जन्मभर, नोकरीला, लग्नाला, निवृत्तीला. माझीही एक जूनच आहे.

गुरुजी दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटीने जालन्याला यायचे, पुतण्याकडे झोपायचे आणि पहाटे स्टँडवर माझ्या आधी हजर असायचे. बूट घातलेले. तिसऱ्या आठवड्यात ते बूट त्यांच्या पायाचे झाले होते. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपापले बूट ट्रंकेतच ठेवले.

पण गुरुजी हळू चालायचे. हळू म्हणजे किती? माझी कसोटी अशी होती की वीस फेऱ्या दोन तासांत. ही दोन तासांची मर्यादा मला कोणी दिली नव्हती. प्रशिक्षणात जवान पोरांना टेकडीवर पळवायचे, ते पाहून मी माझ्या मनाने ठरवली होती. बाकीचे पावणेदोन-दोन तासांत संपवायचे आणि पायऱ्यांवर आडवे पडायचे. गुरुजींना दोन तास चाळीस मिनिटं लागायची. पहिल्या रविवारी चाळीस, शेवटच्या रविवारीही चाळीस. ते कुठे थांबायचे नाहीत, धापा टाकायचे नाहीत, चढताना बोलायचेही. वीस फेऱ्या संपल्यावर आडव्या पडलेल्या लोकांसाठी चहा सांगून यायचे. ही सगळी लक्षणं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी घड्याळाकडे पाहत होतो.

त्याच वर्षी तीर्थपुरीचा अंकुश होता. पंचविशीचा, शेतकऱ्याचा मुलगा, कबड्डीत नाव असलेला. त्याने वीस फेऱ्या एक तास वीस मिनिटांत मारल्या. उतरताना तो पायऱ्या तीन-तीन करून उडी मारायचा. मला तो फार आवडायचा. व्यायामशिक्षकाला आयुष्यात असा एखादा गडी मिळाला की बाकीचं जग त्याला मंद वाटू लागतं. अंकुश गुरुजींना ओलांडून जायचा तेव्हा दर वेळी हसून म्हणायचा, "गुर्जी, सांजच्या गाडीला तरी या." गुरुजी म्हणायचे, "येतो बाबा, तू हो पुढं."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी गुरुजींना बाजूला घेतलं.

"गुरुजी, वेळ बसत नाही."

"किती कमी पडून राह्यला?"

"चाळीस मिनिटं."

"सर, मी जल्दी चाललो तर बसंल. पण मंग मला दम लागतो. असं चाललं तर बिलकुल लागत न्हाई. दिवसभर चालता येतं."

हे वाक्य मी नीट ऐकलं. ऐकून म्हणालो, "तिकडे सगळ्यांना सोबत चालावं लागतं. एकामुळे अकरा जण खोळंबतात. नियम सगळ्यांना सारखा."

"पुढल्या साली मला येता येणार न्हाई, सर."

"माहीत आहे."

"बराबर हे," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम." मग त्यांनी पिशवीतली ज्वारी पुजाऱ्यांना दिली, कारण आता ती परत न्यायचं काही कारण नव्हतं, आणि एसटी पकडायला गेले. मी अर्जावर 'अपात्र' लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्या वर्षी अकरा जण झाल्यामुळे बाराव्या जागी मी स्वतः प्रमुख म्हणून जायचं ठरलं. म्हणजे गुरुजींच्या जागेवर मी गेलो. तेव्हा मला ते असं दिसलं नव्हतं.

जालन्याहून मनमाडपर्यंत छोटी गाडी, मनमाडला मोठी गाडी, पुढे पठाणकोट, मग बस. दशम्या भुसावळच्या पुढे संपल्या. पायथ्याच्या तंबूंवर आमचा वाटाड्या भेटला. पन्नाशीचा, बुटका, त्या डोंगरांतच जन्मलेला माणूस. नाव ठाकूर. त्याने आमच्या नव्या बुटांकडे पाहिलं आणि पिशवी पाठीवर घेतली. चालायला लागला तेव्हा मला पहिला धक्का बसला. तो इतका हळू चालत होता की मला वाटलं, पाय दुखावला असेल. एक पाऊल, मग श्वास, मग दुसरं पाऊल. अंकुश पहिल्याच वळणावर त्याच्या पुढे निघून गेला. ठाकूरने हाक मारली, "अरे भाई, आराम से." अंकुशने वरून हात हलवला.

तीन दिवस असं चाललं. अंकुश दुपारी बाराला मुक्कामावर, त्याच्यामागे माझे बाकीचे पट्ठे एक-दीडला, आणि ठाकूर चारला. मला अभिमान वाटत होता. तिसऱ्या दिवशी मी ठाकूरला म्हणालोही, "हमारे लड़के तैयार होके आये हैं." तो म्हणाला, "दिख रहा है." आमच्या भागात निजामाचं राज्य होतं, त्यामुळे आम्हाला हिंदी समजतं. पण त्या तीन शब्दांचा अर्थ मला समजला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अंकुशचं डोकं दुखू लागलं. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी तो तंबूतून बाहेर आला तो चार पायांवर. उभा राहिला की तोल जायचा. कबड्डीत पाच जणांना अंगावर घेऊन रेषा गाठणारा गडी पाण्याचा पेला धरू शकत नव्हता. "सर, मला काय होऊन राह्यलं?" तो विचारत होता आणि मला माहीत नव्हतं. देशमुखांसारख्याने कापूस भरला तर पकडायला मी तागडी ठेवली होती. यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. दुपारपर्यंत आणखी तिघे तसेच पडले. चौघेही माझ्या वहीत पहिल्या चार नंबरांवर होते.

ठाकूरने एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगितलं की यांना आत्ता, याच घटकेला खाली न्यायचं. वर हवा विरळ असते, शरीराला ती ओळखायला वेळ द्यावा लागतो. जो पळत वर येतो त्याला ती झेपत नाही, आणि थांबलं तर माणूस दगावतो. औषध एकच, उतरणं. मग तो माझ्याजवळ दगडावर बसला.

"मास्टरजी, इनको चुना किसने?"

"मैंने."

"कैसे चुना?"

मी सांगितलं. टेकडी, ज्वारी, घड्याळ. तो ऐकत होता. त्याला हसू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"आपके गाँव में कोई धीरे चलने वाला नहीं था?"

"था," मी म्हणालो.

"उसको क्यों नहीं लाये?"

चौघांना घेऊन मी खाली आलो. तीन तास उतरल्यावर अंकुश बसता झाला, संध्याकाळी त्याने खिचडी मागितली. वाचला. बाकीचे सात जण ठाकूरच्या मागे खिंड ओलांडून गेले. त्यांत शकुंतलाबाई होत्या. माझ्या यादीत त्या शेवटच्या होत्या, एक तास अठ्ठावन्न मिनिटं. खिंडीतून पलीकडे काय दिसतं, ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. मी काही ते पाहिलेलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी मी रजा टाकली आणि भोकरदनची एसटी धरली. फाट्यावर उतरून तीन मैल चालत गुरुजींच्या गावी पोचलो. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. दारात त्यांच्या आई शेंगा फोडत बसल्या होत्या. जयभीम झाला, चहा झाला. मग मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. अंकुशचं, ठाकूरचं, त्याच्या प्रश्नाचं. "गुरुजी, माझी चूक झाली. त्या बारा जणांत खरे पात्र तुम्हीच होता."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "पोरगं बरं हे ना आता?"

"बरं आहे."

"मंग झालं."

पण मी तेवढ्यासाठी गेलो नव्हतो. मी वाटेत सगळा विचार करून ठेवला होता. म्हटलं, "गुरुजी, तुमचं खरं वय काय?"

ते उत्तर देण्याआधी आई बोलल्या. "किसन्याला चौथ्या वर्षीच साळंत घातला व्हता. घरी लई वळवळ करायचा. मास्तरनं कानाला हात लावाय लावला, तर याचा हात कानाखाली गळ्यापस्तोर गेला. हात लांब, काय करता. मास्तर म्हणला, याला तर सात झाले."

म्हणजे गुरुजी त्रेचाळीसचेही नव्हते. मी उत्साहात आलो. म्हटलं, आईंची साक्ष आहे, तहसिलीत प्रतिज्ञापत्र करू, तारीख दुरुस्त करून घेऊ, पुढच्या मेमध्ये तुम्ही पहिल्या नंबरावर. घड्याळ मी फेकून देतो.

गुरुजींनी बशी कपाखाली सरकवली. मग म्हणाले, "सर, त्या तारखेवर मला नोकरी लागली. खऱ्या तारखेनं त्या साली लागली नसती, वय कमी पडलं असतं. तवा ती तारीख मला चालली. आता अडचण हे म्हणून ती खोटी कशी म्हणू?"

"पण ती खोटी आहेच."

"हे. पण आणखी एक. तारीख पुढं नेली की माझी नोकरी तीन साल वाढते. आमच्या केंद्रात दोघा मास्तरांनी तसं केलेलं हे, सगळ्याला माहीत हे. मी कितीबी सांगितलं, हिमालयासाठी केलं, तरी मानंल का कोणी? लोक म्हणतील, साळवे मास्तरबी तसलाच निघाला. इथं माझ्या नावावर तेवढी इज्जतच हे, सर."

आईंनी शेंगांची ओंजळ माझ्या हातात दिली.

तेवढ्यात मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. शाळा घराला लागूनच होती. गुरुजी म्हणाले, "आलाच हाव तर चला वर्गात. तुम्ही पाह्यला हे, तुम्ही सांगा." मी चौथीसमोर उभा राहिलो. तीसेक पोरं, जमिनीवर बसलेली. बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात, पाय आत जातो तेव्हा करकर आवाज येतो, हातात घेतला की आधी भाजल्यासारखं वाटतं, हे सगळं सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती. गुरुजी खिडकीशी उभे राहून ऐकत होते. पोरांपेक्षा जास्त मन लावून.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, तुम्ही आमच्या गुर्जींना का न्हाई नेलं?"

गुरुजी समोर असताना थाप मारता येत नव्हती. मी म्हणालो, "ते हळू चालतात म्हणून मी त्यांना नापास केलं. मग कळलं की तिथे हळूच चालायचं असतं."

पोरं एकदम गुरुजींकडे वळली. गुरुजी नापास होऊ शकतात ही गोष्ट त्यांना नवी होती.

"मंग आता न्या," ती म्हणाली.

"आता त्यांचं वय बसत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. तिला माझ्या बोलण्यात काही अर्थ दिसत नव्हता. "वय तर गुर्जीच लिवतात," ती म्हणाली. "माझं त्यांनीच लिवलं."

गुरुजी हसले. मी त्यांना टेकडीवर चार महिने पाहिलं होतं, पण हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "खाली बस, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्याचं लिहिता येतं. आपलं न्हाई येत."

परत निघालो तेव्हा ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. तीन मैल मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत चाललो. एकदाही दम लागला नाही, आणि एसटी यायच्या आधी आम्ही पोचलोही.

पुढच्या जानेवारीत मी त्यांना अंबडला बोलावलं. ते आले. त्यानंतर सहा वर्षं दर रविवारी टेकडीवर सगळ्यांच्या पुढे साळवे गुरुजी असत, आणि नियम एकच होता. जो त्यांच्या पुढे जाईल तो अपात्र. त्या सहा वर्षांत आमचा एकही माणूस अर्ध्यातून परत फिरला नाही. दिल्लीहून मला कौतुकाचं पत्र आलं, त्यात माझ्या नावाच्या आधी 'श्रीमान' होतं. मी ते गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, चांगलं झालं.

ते स्वतः कधी गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर आपण दोघे आपले आपले जाऊ, असं मी म्हणालो होतो. पण तोवर त्यांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी मला सांगितलं की हे चढउतार फार झाल्याचं आहे, शेतकऱ्यांत नाही इतकं दिसत. मी त्यांना विचारलं, कुठला चढउतार? आमच्या मुलखात चढ कुठे आहे? विचारलं खरं, पण अंबडची टेकडी सहा वर्षं दर रविवारी वीस वेळा कोणी चढली, आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे मला डॉक्टरांपेक्षा चांगलं माहीत होतं.